उभी राहून गंजलेली, ठोकलेली किंवा नुसतीच जुनी गाडी विकायची असेल तर काय काय करायचं, अगदी पहिल्यापासून

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षभर न हललेल्या पाच गाड्या आहेत. परवापरवापर्यंत सहा होत्या, सहावी आमची होती. २००६ ची सॅन्ट्रो, बाबांची पहिली गाडी, म्हणून कुणी विकायचं नावच काढत नव्हतं. २०२१ ला पासिंग संपलं ते कोरोनाच्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नाही, मग बॅटरी गेली, मग टायर बसले, मग मांजरीनं खाली पिल्लं घातली आणि शेवटी सेक्रेटरींनी लेखी नोटीस दिली तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. त्यातून जे जे शिकलो ते लिहितोय. त्याच्याही आधी एक स्कूटर विकताना मी चांगलीच माती खाल्ली होती, ते पण मध्ये येईलच.

पहिलं काम म्हणजे आपली गाडी नक्की कुठल्या प्रकारात बसते ते ठरवणं, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर आहे. चालू गाडी, आरसी (रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट) व्हॅलिड, इन्शुरन्स-पीयूसी आहे किंवा काढता येतंय, तर ती साधी सेकंडहँड विक्री. अपघातात ठोकलेली किंवा पाण्यात बुडालेली असेल तर आधी इन्शुरन्सकडे बघायचं, गिऱ्हाईक नंतर. आणि आरसीची पंधरा वर्षं संपलीत, रिन्यू केली नाही, गाडी सुरू पण होत नाही, तर ती भंगारात. इथे एक गैरसमज फार पसरलाय की पंधरा वर्षं झाली की गाडी सक्तीनं भंगारात जाते. तसं नाही हो. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल हा जो प्रकार आहे तो दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं.

मग रिन्यू करून चालू गाडी म्हणून विकावी का? आम्हीही आधी हाच विचार केला होता आणि कागदावर हिशोब मांडला. एप्रिल २०२२ पासून कारची रिन्यूअल फी ५००० रुपये (आधी ६०० होती), त्यावर पर्यावरण कर, आणि उशिराचे नियमाप्रमाणे महिन्याला ५०० रुपये. आमचे तीन वर्षांच्या वर झालेले, म्हणजे नुसता उशीरच अठरा हजाराच्या पुढे, वर चार टायर, बॅटरी, नवीन नंबरप्लेट, इन्शुरन्स. आणि एवढं करून गाडी तीस-पस्तीसला गेली असती. म्हणजे घालायचं जास्त आणि मिळायचं कमी. पण तुमची मुदत गेल्या महिन्यातच संपली असेल आणि इंजिन ठणठणीत असेल तर गणित उलटं निघू शकतं, तेव्हा कागद-पेन घेऊन बसाच. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला तर २०२५ च्या ऑगस्टपासून रिन्यूअल फी दहा हजार झालीय, दुचाकीला दोन हजार.

आता कागद. मोठं काम हेच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर आपला मोबाईल नंबर कोणता आहे ते बघा. हसू नका, निम्मी लोकं इथेच अडकतात. आरटीओच्या ऑनलाइन कामाला ओटीपी जातो तो मालकाच्या नोंदवलेल्या नंबरवर, आणि २००६ ला तो नंबर बहुतेक लँडलाइन नाहीतर कधीच बंद पडलेलं सिम असतं. नंबर अपडेट करायची सोय पोर्टलवरच आहे, चेसी नंबर आणि इंजिन नंबर लागतो. आरसीवर आणि गाडीवर हे नंबर जुळतायत का तेही त्याच वेळी बघून घ्या, कारण जुन्या आरसी बुकातनं संगणकात नोंदी चढवताना एखादा आकडा चुकलेला असू शकतो आणि तो विकायच्या दिवशी कळला की गिऱ्हाईक उठून जातं.

दुसरं बोजा. गाडी कर्जावर घेतली होती, कर्ज बारा वर्षांपूर्वी फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. हे इतकं कॉमन आहे की काय सांगू. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती सही-शिक्क्याच्या घ्यायच्या आणि आरटीओतून एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे हाच बँकेचा बोजा) उतरवायची. जुनी एनओसी घरात सापडली तरी तिची तारीख बघा, बहुतेक बँकांची एनओसी तीन महिनेच चालते, नवीन मागावी लागते. बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नवीन बँकेकडे जायचं. याला पंधरा दिवस-महिना धरून चाला, म्हणून हे काम गिऱ्हाईक शोधायच्या आधी.

तिसरं चलान. महाट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबर टाकला की पेंडिंग ई-चलान दिसतात. आमच्या सॅन्ट्रोवर दोन निघाले, त्यातलं एक झेब्रा क्रॉसिंगचं, भावाचं होतं, त्यानं आजवर कबूल केलेलं नाही. भरून टाका, थकबाकी असली की पुढचं सगळं अडतं.

चौथं, नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लागते, आणि ट्रान्सफर करायला गेलात की तिथे आधी प्लेट विचारतात. कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी, दुचाकीला ४५०. गाडी थेट भंगारात द्यायची असेल तर मात्र यावर खर्च करण्यात अर्थ नाही, आधी सेंटरला विचारा.

मालक वारले असतील तर फॉर्म ३१ भरून आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती असं सगळं. गाडी थेट भंगारात द्यायची असली तरी वारस असल्याचा पुरावा लागतोच. बाबांची गाडी आईनं सही करून दिली असं चालत नाही.

भाव कसा काढायचा? चालू गाडीचा भाव काढणं सोपंय, तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंधन, त्याच शहरातल्या आठ-दहा जाहिराती बघायच्या आणि त्यातून दहा-पंधरा टक्के कमी धरायचे कारण जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. डेंट-पेंटवर विकण्याआधी वीस हजार घालू नका, ते परत मिळत नाहीत. आतून-बाहेरून नीट धुणं, सीट साफ करणं आणि बॅटरी चांगली असणं एवढंच करा, पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली की निम्मा सौदा तिथेच होतो. सर्व्हिसची बिलं फाइलला लावून ठेवा. आणि मीटर पाठी करायचा सल्ला गॅरेजवाला देईल, त्या भानगडीत पडू नका, आजकाल सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत किलोमीटर सगळे सापडतात.

भंगाराचं गणित वेगळं. तिथे गाडीचं नाव, रंग, तुमच्या आठवणी सगळं शून्य, वजन बोलतं. सॅन्ट्रोसारखी गाडी साडेआठशे किलोच्या आसपास. त्यातल्या काचा, सीट, रबर, प्लास्टिक सोडून लोखंड धरा सत्तर टक्के, म्हणजे ५९५ किलो. समजा रेट किलोला २५ रुपये असेल (फक्त उदाहरण, लोखंडाचा भाव रोज हलतो, त्या दिवशी दोन ठिकाणी विचारा) तर झाले १४,८७५. त्याच्यावर मग बॅटरी, अ‍ॅलॉय असतील तर ते, एसीचा कॉम्प्रेसर, आणि सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा शेवटचा आयटम लोकांना माहितीच नसतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात आणि भंगारवाला गाडीखाली वाकून आधी तेच बघतो, तोंडानं मात्र 'लोखंडाचाच भाव आहे साहेब' म्हणतो. सीएनजी किट असेल तर टाकीचं वेगळं बोला.

मला फोटोवरून तीन भाव आले. एक बारा हजार, एक अठरा हजार रोख आणि लगेच, आणि सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरचा सोळा हजार चारशे, उचलून नेण्यासकट. अठरावाला फोनवर म्हणाला, "आरसी तुमच्याकडंच ठेवा, आपल्याला कागदाची गरजच नाही." तिथेच मी फोन ठेवला, आणि याचं कारण ती स्कूटर.

२०११ मध्ये मी माझी जुनी स्कूटर गल्लीतल्या एका गॅरेजवाल्याला सहा हजाराला दिली होती. ओळखीचा माणूस, फॉर्मवर सह्या करून दिल्या, तारीख नाही, खरेदी करणाऱ्याचं नाव नाही, 'मी करतो ट्रान्सफर'. अडीच वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून पत्र, अमुक नंबरच्या दुचाकीनं एका पादचाऱ्याला धडक दिली, हजर व्हा. गॅरेजवाल्यानं ती विकली, त्यानं पुढे विकली, आणि नाव माझंच. माझ्याकडे विकल्याचा चिठोरा पण नव्हता. चार चकरा झाल्या. त्या पादचाऱ्याला फार लागलं नव्हतं म्हणून मी त्यातून सुटलो.

आणि कायदा बघितला तर तो सरळ आहे, आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तो मालक. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल अगदी यावरच आहे, पहिल्या मालकानं गाडी २००७ मध्ये विकलेली, नंतर ती हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली पहिल्या मालकावर, कारण नाव कुणी बदललंच नव्हतं. त्यामुळे स्टँप पेपरवर 'आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' लिहून घेतलं म्हणजे झालं असं समजू नका. तो कागद तुमच्या आणि त्याच्या मधला, जखमी माणसाला त्याचं काय.

आता प्रत्यक्ष चालू गाडीचा सौदा.

गिऱ्हाईक तीन प्रकारचं. ओळखीतला किंवा जाहिरात बघून आलेला माणूस सगळ्यात जास्त भाव देतो, पण वेळ खातो. डीलर कमी देतो, लगेच देतो. ऑनलाइन कंपन्या घरी येऊन तपासतात, आधी स्क्रीनवर मोठा आकडा दाखवतात आणि तपासणी झाली की दोन-चार ओरखडे मोजून तो खाली आणतात, तेव्हा पहिल्या आकड्याला भुलू नका. डीलरला देणार असाल तर एक चांगली सोय झालीय. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन घ्यावं लागतं, आणि अशा डीलरकडे गाडी देताना फॉर्म २९-सी पोर्टलवर गेला की तिथून पुढे तो डीलर मालक धरला जातो. म्हणून डीलरला थेट विचारा, ऑथोरायझेशन आहे का, २९-सी करणार का. 'ते काय असतं' असं उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा.

फसवणुकीचा एक ठरलेला साचा आहे. फोन येतो, मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, गाडी न बघताच घेतो, टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला स्कॅन पण करावं लागत नाही आणि पिन पण टाकावा लागत नाही. एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा, जाहिरातीत नंबर त्यांचा असेल तर जास्तच.

टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसा, लायसन्स आधी बघा, चावी देऊन वरून गॅलरीतनं बघत बसू नका. विसार घेतलात तर त्याची पावती आणि त्यावर 'अमुक तारखेपर्यंत बाकी रक्कम, नाहीतर व्यवहार रद्द' एवढी एक ओळ.

पैसे शक्यतो खात्यात घ्या. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि जेवढी रक्कम तेवढाच दंड बसू शकतो. चेक दिला तर वटेपर्यंत चावी द्यायची नाही, मग माणूस कितीही सज्जन दिसू दे.

ताबा देताना एक ताबा पावती करायची. त्यात गाडी नंबर, चेसी-इंजिन नंबर, रक्कम, किलोमीटर, तारीख आणि वेळ. वेळ महत्त्वाची, दुपारी चारला गाडी दिली आणि सहाला त्यानं सिग्नल तोडला तर हाच कागद कामाला येतो. खरेदीदाराच्या आधार-पॅनची सही केलेली झेरॉक्स आणि गाडीसोबत त्याचा फोटो. लोक आधी जरा संकोचतात, मग हसून उभे राहतात. तुमच्या स्वतःच्या आधारच्या झेरॉक्सवर मात्र 'फक्त गाडी क्रमांक अमुक ट्रान्सफरसाठी' असं आडवं लिहून मगच द्या.

मग नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. २९ च्या दोन प्रती. सही करण्याआधी खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेली हवी, कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे माझी स्कूटर. विकणाऱ्यानं त्याच राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत. गाडी गोव्यात नाहीतर कर्नाटकात जाणार असेल तर आधी फॉर्म २८ भरून एनओसी. मी सगळ्यांना एकच सांगतो, ट्रान्सफर त्याच्यावर सोडू नका, ऑनलाइन अर्ज त्याला समोर बसवून स्वतः भरा, दोघांचे आधार ओटीपी तिथल्या तिथे, फी तो भरेल, आणि अर्ज नंबर तुमच्याकडे राहील. त्याला घाई नसली तर सौद्यातले पाच-दहा हजार नाव बदलेपर्यंत त्यानंच मागे ठेवायची ऑफर त्याला द्या, म्हणजे तो गाडी घेऊन जाईल आणि नाव बदललं की उरलेले पैसे देईल. उलट वाटतंय, पण त्यामुळे तो धावत येऊन काम करतो की नाही हे आधीच कळतं, कारण ज्याला नाव बदलायचंच नाही तो या ऑफरला वेगळाच प्रश्न विचारतो.

ठोकलेली किंवा बुडालेली गाडी असेल तर थोडं थांबा. पाण्यात उभी राहिलेली गाडी आधी तर सुरूच करू नका. जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरानंतर पाणी ओसरल्यावर किती जणांनी सेल्फ मारून बघितला असेल देव जाणे, इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इन्शुरन्सवाले म्हणतात हे नुकसान तुम्ही केलंत. फोटो काढा, कंपनीला कळवा, क्रेननं उचला.

पूर्ण इन्शुरन्स असेल तर सर्व्हेअर येतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते. आयडीव्ही चार लाख, म्हणजे दुरुस्ती तीन लाखाच्या वर. मग दोन पर्याय येतात. एक, सांगाडा कंपनीच्या खरेदीदाराला द्यायचा आणि पूर्ण रक्कम घ्यायची. दुसरा, सांगाडा स्वतःकडे ठेवायचा, कंपनी त्याची किंमत वजा करून बाकीचे देते. दुसऱ्या पर्यायात जास्त पैसे दिसतात पण सांगाडा मग तुम्हाला विकावा लागतो आणि तिथेच धोका आहे, कारण ठोकलेल्या गाडीला सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्याला कधीकधी गाडी नकोच असते, त्याला आरसी आणि चेसी नंबर हवा असतो. तो नंबर त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर ठोकायचा धंदा चालतो. म्हणून टोटल लॉसमध्ये आरसी रद्द करण्याचा अर्ज स्वतः करा, गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत कळवणं तसंही मालकाचंच काम आहे.

इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी असेल तर क्लेम विसरा. अशी गाडी आहे तशी विकायची, पण जाहिरातीत 'पुढून ठोकलेली, एअरबॅग उघडल्या, रेडिएटर गेला' असं स्पष्ट लिहा, फोटो नुकसानीच्या बाजूनं टाका. गॅरेजवाले अशा गाड्या घेतातच, लपवलं की फक्त फेऱ्या वाढतात.

राहिली भंगारातली. केंद्राचे नियम २०२१ च्या सप्टेंबरचे, त्यानुसार सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटर सुरू झालीत, टाटा, महिंद्रासारख्या मोठ्या समूहांनीही यात उडी घेतलीय. परिवहनच्या पोर्टलवर व्ही-स्क्रॅप म्हणून भाग आहे, तिथे सेंटरची यादी मिळते. गाडी कुठल्याही आरटीओची असो, देशातल्या कुठल्याही मान्य सेंटरला देता येते, त्यामुळे नाशिकची गाडी पुण्यात दिली तरी चालते. दोन-तीन सेंटरला फोन करून भाव विचारा, आणि गाडी ओढून नेण्याचे पैसे कुणाचे, गाडी कुठल्या काट्यावर मोजणार हे दोन प्रश्न नक्की विचारा. नवीन गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगाराचा भाव असं धोरण आलं तेव्हा सांगितलं होतं, ते मनात ठेवा पण हातात वजनाप्रमाणेच येतं.

सेंटरवाले बोजा आहे का, चोरीची नोंद आहे का, थकबाकी, ब्लॅकलिस्ट असं सगळं तपासतात. म्हणूनच वर कागदांवर एवढं लिहिलं. गाडी स्वतः चालवत नेऊ नका, रजिस्ट्रेशन संपलेली गाडी रस्त्यावर काढली की पाच हजारापर्यंत दंड, त्यांची क्रेन बोलवा. आमच्याकडे क्रेन आली तेव्हा मागची चाकं जाम, अर्धा तास वॉचमन आणि मी ढकलतोय आणि आई गॅलरीतनं डोळे पुसतेय. क्रेनवाल्याच्या हातात कागद द्यायच्या आधी डॅशबोर्ड, सीटखाली, डिकी, स्टेपनीची जागा बघा. आम्हाला बाबांचं हरवलेलं पेन आणि २००९ ची टोलची पावती सापडली.

गाडी जमा झाली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, गाडी कापली की स्क्रॅपिंगचं सर्टिफिकेट. दोन्ही घ्या, नुसत्या पावतीवर परत येऊ नका. चेसी नंबरचा कापलेला तुकडा सेंटरला सहा महिने जपून ठेवावा लागतो. डिपॉझिटचं सर्टिफिकेट लोक फायलीत टाकून विसरतात, ते टाकू नका. त्यावर नवीन गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सूट मिळते, केंद्राच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, राज्याचा स्वतःचा दर वेगळा असतो तो बुकिंगच्या वेळी शोरूमला विचारा. शिवाय कंपनीचा स्क्रॅपेज डिस्काउंट चालू आहे का तेही विचारा, सेल्समन आपणहून सांगत नाही. नवीन गाडी घ्यायची नसेल तर ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं, म्हणजे त्याचेही चार पैसे होतात. माझे सोळा हजार चारशे त्या अठरा हजारांच्या पुढे गेले ते यामुळेच, मेहुण्यानं त्याच दिवाळीत गाडी घेतली.

विकून झाल्यावरची किरकोळ कामं. फास्टॅग काढून फाडा आणि ज्या बँकेचा आहे तिथे बंद करा, बंद केला की उरलेला बॅलन्स आणि डिपॉझिट परत येतं. इन्शुरन्स कंपनीला कळवा आणि एनसीबीचं पत्र मागा, नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून माणसाचा असतो, तीन वर्षांच्या आत नवीन गाडीवर लावता येतो, आणि पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेला असेल तर ही रक्कम भंगाराच्या पैशाला मागे टाकू शकते. महिन्याभरानं एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून बघा. विकली असेल तर नवीन मालकाचं नाव (अर्धं झाकलेलं दिसतं), भंगारात दिली असेल तर स्टेटस बदललेलं दिसायला हवं. नसेल तर अर्ज नंबर घेऊन आरटीओत जा, त्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून, ताबा पावतीच्या फायलीला लावून.